पुढचे दार, मागचे दार

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात झालेली वादविवाद स्पर्धा अनेकांच्या स्मरणात असेल. विषय होता : ‘बालगुन्हेगाराला शिक्षा नको, सुधारणा हवी.’ मी अनुकूल बाजूने बोललो, टाळ्याही बऱ्या पडल्या आणि मला दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मिळाले. एक पेन आणि प्रशस्तिपत्रक. आईने ते प्रशस्तिपत्रक देवाच्या फोटोशेजारी लावले. महाविद्यालयाचा शिक्का असलेला आमच्या घरातला तो पहिलाच कागद. तिने विचारले, “काय बोललास रे एवढं?” मला सांगता येईना. मी बोललो त्यात खोटे काही नव्हते. परंतु या विषयातले जेवढे मला प्रत्यक्ष ठाऊक होते, नेमके तेवढे गाळून बाकी सगळे मी बोललो होतो.

ते राहिलेले आज लिहीत आहे. वार्षिकांकातला लेख विचारप्रधान असावा, आत्मकथन नको, अशी सूचना फलकावर लागलेली मी वाचली आहे. पण माझा विचार जिथून सुरू झाला ते ठिकाण लपवून ठेवले तर पुन्हा ते स्पर्धेतले भाषणच होईल.

भाषणात मी काय केले होते? बाल न्याय कायद्याचे, म्हणजे २०१५ च्या कायद्याचे १८ वे कलम पाठ करून गेलो होतो. अपराध सिद्ध झालेल्या मुलाचे मंडळाने काय करावे हे त्यात दिले आहे. समज देऊन घरी पाठवावे, समुपदेशनाला बसवावे, समाजसेवा करायला लावावी, पालकांना दंड करावा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिवीक्षेवर सोडावे, एखाद्या योग्य संस्थेत ठेवावे, आणि यांतले काहीच चालण्यासारखे नसेल तर विशेष गृहात, तेही जास्तीत जास्त तीन वर्षे. हे सर्व मी बोटांवर मोजून दाखवले आणि हात उंचावून म्हटले की, एवढ्या वाटा बाहेर काढल्यावर मुलांना डांबून ठेवणाऱ्या वास्तू आपोआप ओस पडतील. टाळ्या पडल्या त्या याच वाक्याला. आज मला वाटते की ते वाक्य चूक होते. अगदीच चूक नव्हे. पण ज्या वास्तूविषयी मी बोलत होतो ती एक आणि ज्या वास्तूत मुले खरोखर जातात ती दुसरी, हे मला ठाऊक असूनही मी बोललो नाही.

त्या दुसऱ्या वास्तूला कायद्यात ‘निरीक्षणगृह’ म्हणतात. आमच्या वस्तीत अजून ‘रिमांड होम’च म्हणतात, आणि आया पोरांना भीती घालतात तीही त्याच नावाने. विशेष गृह हे निकालानंतरचे. निरीक्षणगृह निकालाआधीचे. मुलाने काही केले की नाही याची चौकशी चालू असताना त्याला तात्पुरते ठेवण्याची ही जागा. आपल्याकडे या जागेचा इतिहास मोठा आहे. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. मुंबईत डोंगरीला, उमरखाडीत जे मुलांचे निरीक्षणगृह आहे ते मूळच्या डोंगरीच्या तुरुंगाच्या जागेत. होय, तोच तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात जिथे १०१ दिवस राहिले आणि ज्यावर आगरकरांनी पुस्तक लिहिले. मराठीच्या तासाला सरांनी त्या पुस्तकाचा उल्लेख केला तेव्हा सर्वांनी वहीत लिहून घेतले. त्या भिंतींच्या आत पुढे लहान मुले ठेवली गेली हे कोणी लिहून घेतले नाही, कारण ते अभ्यासक्रमात नाही. १९८६ साली शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका असे बजावले. त्याच वर्षी देशाचा पहिला बाल न्याय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून अंमलात आला. पुढे २००० चा कायदा, मग २०१५ चा. प्रत्येक वेळी नावे बदलली. ‘गुन्हेगार’ जाऊन ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. शब्द मोठा आहे. आमच्या वस्तीत तो कोणाला उच्चारता येणार नाही. पण त्यामागचा हेतू चांगला आहे हे मी मान्य करतो.

आता माझ्या मित्राविषयी. त्याचे नाव मी छापत नाही. कायद्याचीही तशी बंदी आहे, आणि त्याने स्वतःही मला सांगितले, “लिही, पण माझं नाव नको.” मी त्याला इथे दोस्त म्हणतो.

आमचे शहर यंत्रमागाचे. माझे वडील मागावर, आई विड्या वळते. दोस्ताचे वडील तो चौथीत असताना गेले. आई आणि थोरला भाऊ दर हंगामाला ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते ती उन्हाळ्यातच परतते. घरी तो आणि आजी. २०२० साली टाळेबंदी लागली, शाळा मोबाइलवर गेली. माझ्या वडिलांकडे एक मोबाइल होता, त्याच्या घरी तोही नव्हता. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी दहावीच्या बाकावर होतो आणि दोस्त भंगाराच्या गाडीवर.

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या उघड्या आवारात एक जळकी मोटर पडून होती. ती आम्ही दोघांनी उचलली. दोघांनी, हे मला स्पष्ट लिहायचे आहे. कल्पना त्याची, पण मोटरीची एक बाजू माझ्या हातात होती. त्याने ती दगडाने फोडली, तांब्याची तार काढली, जाळली आणि विकली. माझ्या वाट्याला दोनशे रुपये आले. त्यातून मी दहावीचे मार्गदर्शक आणले. याला समर्थन म्हणून सांगत नाही. उलट, ते पुस्तक हातात घेतले की मला नको वाटे.

चौथ्या दिवशी पोलीस वस्तीत आले. दोघांना ठाण्यावर नेले. माझे वडील मागावरून तसेच, कपड्यांना सूत चिकटलेले, धावत आले. त्यांच्या पाठोपाठ आमचे वर्गशिक्षक आले. सरांना कोणी कळवले हे मला आजही ठाऊक नाही. ते साहेबांच्या समोर खुर्चीवर बसले. माझे वडील उभेच होते. सर म्हणाले, “पोरगा दहावीला आहे, माझ्या वर्गातला आहे. मी जबाबदार.” कागदावर काहीतरी लिहिले गेले, वडिलांनी अंगठा नव्हे तर सही केली (सही ते करतात, एवढेच येते) आणि रात्री नऊच्या सुमारास मी घरी जेवायला बसलो.

दोस्तासाठी फक्त आजी आली होती. तिला ऐकू कमी येते. साहेब तिला विचारत होते, “आई कुठाय?” ती सांगत होती, “कारखान्यावर.” साखर कारखान्यावर म्हणायचे होते तिला. कुठल्या, ते तिला सांगता आले नाही. सरांनी त्याच्याविषयीही विचारले, हेही मला लिहिले पाहिजे. पण तो आता शाळेच्या पटावर नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला जिल्ह्याच्या गावी मंडळापुढे उभे केले आणि तिथून निरीक्षणगृहात. जामीन मंजूर झाला होता. अट एवढीच की पालकाने येऊन हमी द्यावी आणि ताब्यात घ्यावे. निरोप टोळीपर्यंत पोचायला दिवस गेले; पोचल्यावर मुकादम सोडेना, कारण उचल फिटली नव्हती. दोस्त एकेचाळीस दिवस आत राहिला. पुढे चौकशी संपली आणि मंडळाने निकाल दिला : समज देऊन घरी पाठवावे.

वाचकहो, १८ व्या कलमातला तो पहिलाच पर्याय. माझ्या भाषणात मी ज्याचे सर्वांत अधिक कौतुक केले तो. आणि तो त्याला मिळालासुद्धा! सरकारच्या वार्षिक गुन्हे अहवालात अशा मुलांचे कोष्टक असते : किती जणांना समज देऊन सोडले, किती जणांना विशेष गृहात पाठवले, किती निर्दोष सुटले. माझा दोस्त त्यातल्या ‘समज देऊन सोडले’ या रकान्यात गेला असेल. कोष्टक वाचणारा समाधानाने म्हणेल की पाहा, संस्थेत न डांबता सोडले. एकेचाळीस दिवसांसाठी रकाना नाही.

समाजशास्त्राच्या मॅडमशी मी या विषयावर बोललो. त्यांनी मला अमेरिकेतले उदाहरण दिले, ते इथे थोडक्यात सांगतो. मुलांसाठीचे जगातले पहिले स्वतंत्र न्यायालय १८९९ साली शिकागोला, म्हणजे इलिनॉय राज्यात निघाले. त्याच राज्यात पुढे एका कायद्याने ‘रिडिप्लॉय इलिनॉय’ नावाची योजना आली. तिच्यामागचा हिशोब मोठा मजेशीर आहे. मुलाला राज्याच्या बंदिशाळेत पाठवले तर त्याचा खर्च राज्य करणार. त्याला गावातच ठेवून उपचार, समुपदेशन, शिकवणी द्यायची तर खर्च जिल्ह्याच्या माथी. साहजिकच जिल्हे मुलांना वर पाठवून मोकळे होत. तेव्हा राज्याने म्हटले, पैसे आम्ही देतो, तुम्ही पाठवण्याचे प्रमाण पंचवीस टक्क्यांनी कमी करा. मुलांना बंदिशाळेऐवजी घराजवळ ठेवण्याची ही कल्पना चांगलीच. परंतु लगेच प्रश्न उभा राहतो : राज्याच्या बंदिशाळेत न गेलेला मुलगा खरोखर घरी जातो, की जिल्ह्याच्याच कोठडीवजा गृहात थोड्या थोड्या दिवसांसाठी बसतो? एका भांड्यातले पाणी कमी झाले एवढ्यावरून ते जमिनीत मुरले असे म्हणता येत नाही. शेजारचे भांडेही बघावे लागते.

मॅडमनी आणखी एक भेद सांगितला तो मला फार उपयोगी पडला. बंदिवासाला पर्याय दोन ठिकाणी देता येतात. एक, निकालाच्या वेळी, म्हणजे शिक्षेऐवजी. दुसरा, ताब्यात घेतल्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे चौकशीपर्यंतच्या कोठडीऐवजी. मी त्यांना माझ्या सोयीसाठी मागचे दार आणि पुढचे दार म्हणतो. मागच्या दाराला कितीही रुंद वाटा काढल्या तरी पुढच्या दारातून आत येणाऱ्यांची संख्या त्याने कमी होत नाही. माझे भाषण सगळे मागच्या दाराविषयी होते. दोस्त अडकला तो पुढच्या दारात. शिकागोतच नव्वदच्या दशकात पुढच्या दारासाठी काही उपाय निघाले : मुलाने रात्री घरी झोपावे, पण दुपारनंतर रात्रीपर्यंत वस्तीतल्याच एका केंद्रात यावे, तिथे माणसे लक्ष ठेवतील, जेवण देतील, घरी पोचवतील. तारखेपर्यंत असेच. ही कोठडीच्या जागी आलेली गोष्ट. कोठडी भोगून झाल्यावर आलेली नव्हे.

आपल्या कायद्यात पुढचे दार नाही असे मात्र कोणी समजू नये. मी कायदा पुन्हा वाचला, या वेळी भाषणासाठी नव्हे. १२ वे कलम म्हणते की मुलाला जामिनावर सोडावे. जामीनदार असो वा नसो. किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवावे. किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या हवाली करावे. सोडल्याने तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असे सकारण वाटले तरच अडवावे. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे, असेही त्यातच आहे. सात दिवस! दोस्ताला आठव्या दिवशी कोणी आणले नाही. असे कलम आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आजीला नव्हते, मला नव्हते. त्याहूनही आधीची गोष्ट, २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे साध्या चोरीसारख्या किरकोळ अपराधात मुलावर गुन्हा नोंदवायचा नसतो, नुसती ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मंडळाला कळवायचे असते. आणि त्याला ताब्यात घ्यायचे तेही फक्त त्याच्या हितासाठी आवश्यक असेल तरच.

इथेच मला कायद्याचे कुलूप सापडले असे वाटते, आणि किल्लीही. ‘त्याच्या हितासाठी.’ दोस्ताच्या बाबतीत कोणी दुष्टपणा केला नाही. घरी कोणी नाही, आजी थकलेली, म्हणून त्याच्या हितासाठी त्याला आत ठेवले. ज्या गोष्टीमुळे त्याच्यावर दया यायला हवी तीच गोष्ट त्याच्या कोठडीचे कारण झाली. घरी कोणी नसलेल्या मुलासाठी बालकल्याण समिती आहे, तिचा मार्ग वेगळा आहे. पण हातात जळकी तार असलेला मुलगा त्या मार्गाने जात नाही. माझ्या मते सगळा प्रश्न हा इतकाच आहे. पर्याय अस्तित्वात असतात, ते वापरायला मात्र मोठ्या माणसाची सही लागते. ज्याच्यामागे माणूस आहे त्याला पर्याय, ज्याच्यामागे नाही त्याला निरीक्षणगृह. आम्हा दोघांत अपराधाचा फरक नव्हता. त्याने तार काढली आणि मी मोटरीची बाजू धरली, एवढा फरक कोणाला करायचा असेल तर करावा.

मे २०२४ मधले पुण्याचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा अठराच्या आतला. त्याला काही तासांतच जामीन मिळाला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. त्या निबंधावर देशभर विनोद झाले, मीही पुढे पाठवले. मग संताप उसळला, जामिनाच्या आदेशानंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले आणि २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तसे ठेवणे बेकायदा ठरवून त्याला त्याच्या आत्याच्या ताब्यात दिले. आमच्या वर्गात यावर कडाक्याचे वाद झाले. बहुतेकांचे म्हणणे, कायदा फार मऊ आहे, तो कडक करा. मला तेव्हापासून एकच वाटते. दोन माणसे गेली त्यांच्या आईबापांपुढे निबंध ही थट्टाच होती. परंतु जामीन दिल्यावर मुलाला निरीक्षणगृहात ठेवता येत नाही हे उच्च न्यायालयाचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते ज्याला सगळ्यांत आधी लागू व्हायला हवे होते त्या मुलाकडे आत्या नव्हती. जामीन मंजूर असून एकेचाळीस दिवस. कायदा मऊ की कडक हा प्रश्नच मला चुकीचा वाटू लागला आहे. एकाच कायद्याला दोन टोके आहेत, आणि कोणते टोक आपल्या वाट्याला येईल ते आपण कोणत्या घरात जन्मलो यावर ठरते.

‘पण निरीक्षणगृह म्हणजे तुरुंग नव्हे,’ असे मला एका प्राध्यापकांनी सुनावले. मी दोस्ताला विचारले. तो म्हणाला, दोन वेळचे जेवण मिळायचे, घरी ते रोज मिळत नव्हते. एक शिक्षक यायचे, त्यांनी त्याला भागाकार पुन्हा शिकवला. मारहाण झाली नाही. हे सगळे खरे म्हणून लिहितो. मग वाईट काय वाटले, विचारले तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही. “रोज कुणाचं ना कुणाचं नाव पुकारायचे, न्यायला घरचं माणूस आलंय म्हणून. माझं नाव आलं नाही.” एवढेच म्हणाला. सुटल्यावर भंगाराच्या गाडीवाल्याने त्याला परत घेतले नाही. शाळा तर सुटलेलीच होती. सर म्हणाले होते, बाहेरून दहावीला बसवतो, पण ‘तिथून आलेला’ या एका शब्दामुळे तोच शाळेच्या आवारात पाय ठेवीना. कायद्याच्या २४ व्या कलमाने त्याच्यावर कसलाही कायमचा डाग राहू नये अशी तजवीज केलेली आहे. वस्तीने ते कलम वाचलेले नाही.

उलट वस्तीतली शहाणी माणसे म्हणतात, चार दिवस आत राहिला तर बिघडले काय, वळण लागेल. माझे वडीलही असेच म्हणत. आणि हे ते माझ्यासमोर म्हणत, हे विशेष! या ‘चार दिवसां’नीच निरीक्षणगृहे भरतात असे मला वाटते. मोठी शिक्षा नको असे म्हणणारे दयाळू लोकच थोडी शिक्षा आधीच देऊन टाकायला तयार असतात. निकालाचे पर्याय जितके सौम्य होतात तितका हा मोह वाढतो : पुढे काय, समजच देऊन सोडणार, तेव्हा आत्ता थोडे राहू दे. म्हणजे मागच्या दाराच्या वाटा वाढवल्याने पुढच्या दारातली गर्दी कमी होण्याऐवजी वाढण्याचाही संभव आहे. दुसराही एक धोका मॅडमनी सांगितला. समुपदेशन, देखरेख अशा सोयी वाढल्या की त्या आत जाणाऱ्या मुलांना मिळत नाहीत. ज्यांना एरवी ठाण्यावरूनच सोडून दिले असते त्यांच्या मागे लागतात. जाळे मोठे होते, आतली मुले आतच. मला उगीच वाटले की सोय वाढली असती तर समुपदेशनाला मलाच बोलावले असते.

मग पर्यायांचा काही उपयोगच नाही काय? असे मी म्हणणार नाही, कारण उलट पुरावा माझ्यासमोर आहे. ३ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की निरीक्षणगृहातल्या मुलांना, सबळ आणि स्पष्ट कारण नसेल तर, जामिनावर सोडण्याचा विचार मंडळांनी स्वतःहून करावा. मुलांनी अर्ज करण्याची वाट पाहू नये. त्यानंतर देशभर अनेक मुले घरी गेली. कायदा तोच होता, १२ वे कलम तेच होते, एक अक्षर बदलले नव्हते. बदलले एवढेच की विचारण्याची जबाबदारी मुलाकडून मंडळाकडे आली. ‘याला का सोडावे?’ ऐवजी ‘याला का ठेवावे?’ असा प्रश्न झाला. साथीच्या भीतीने जे जमले ते साथ नसताना का जमू नये, हे मला कोणी समजावून सांगावे. दीडच वर्षानंतर माझा दोस्त आत होता.

कारखान्याच्या मालकाचीही बाजू आहे. त्यांची मोटर गेली. ती जळकी होती, तरी त्यांचीच. दोस्त आत असताना ती त्यांना मिळाली नाही आणि पैसेही मिळाले नाहीत. त्यांना एकदा येऊन कोणी म्हटले असते की पोरगा तुमच्या आवारात महिनाभर झाडलोट करील, तर कदाचित ते हो म्हणाले असते, कदाचित हाकलून दिले असते. विचारले कोणीच नाही. मी गेल्या दिवाळीला माझ्या वाट्याचे दोनशे रुपये त्यांच्या रखवालदाराकडे देऊन आलो. तो म्हणाला, “कसले?” मी म्हटले, “मोटरीचे.” त्याला काही आठवत नव्हते. रुपये मात्र त्याने ठेवून घेतले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. १२ व्या कलमात ‘योग्य व्यक्ती’ असा शब्द आहे. ५२ व्या कलमाप्रमाणे मंडळ किंवा समिती एखाद्या माणसाची पडताळणी करून त्याला तशी मान्यता देऊ शकते, आणि अशा व्यक्तीच्या हवाली मुलाला तात्पुरते करता येते. यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. आमच्या सरांनी त्या रात्री कसलीही मान्यता नसताना हेच काम केले. नुसते खुर्चीवर बसून. आपल्या महाविद्यालयात प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत, कार्यालयात वीस-वीस वर्षे काम केलेली, साऱ्या शहराला माहीत असलेली माणसे आहेत. त्यांतल्या चार-पाच जणांनी जरी मान्यता घेतली तरी ऊसतोडीच्या हंगामात, जेव्हा आमच्या निम्म्या वस्तीला कुलूप असते तेव्हा, पुकारायला कोणाचे तरी नाव असेल. आम्ही विद्यार्थी वयाने लहान, आमची पडताळणी होईल असे वाटत नाही. पण निरोप पोचवणे, टोळी कुठल्या कारखान्यावर आहे ते शोधणे, सातव्या दिवशी अर्ज घेऊन जाणे हे आम्हाला येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही दरवर्षी त्याच गावातला तोच रस्ता झाडतो. मी तक्रार करत नाही, सांगतो आहे.

हे काही जणांना भाबडे वाटेल. एका प्राध्यापकांनी मला विचारलेच की, “मुलगा पळून गेला तर जबाबदार कोण?” प्रश्न योग्य आहे. मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर ‘तुम्ही’ असे होते. सरांनी त्या रात्री ‘मी जबाबदार’ म्हटले तेव्हा मी पळून गेलो असतो तर त्यांचे काय झाले असते, हे मला तेव्हा सुचले नव्हते. आता सुचते. रात्री कधीकधी फार सुचते.

सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना मी भेटलो. ते आधी म्हणाले, परीक्षा तोंडावर आली आहे. मग म्हणाले, अर्जाचा नमुना तर आणून बघू. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे लागेल. पुढच्या सोमवारी सकाळच्या साडेसातच्या गाडीने मी आणि दोस्त जाणार आहोत. तो आता मालवाहू टेम्पोवर क्लीनर आहे, सोमवारी त्याला सुट्टी असते. पत्ता मला शोधावा लागणार नाही, तो म्हणाला. तो रस्ता त्याला माहीत आहे.